अन्साबाईंची पंगत

आमच्या लातूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक पोरगी आहे. स्वतःची चड्डी अजून नीट वर ओढता येत नाही, पण पाठीवर दप्तर! परवा तिच्या आईला विचारलं, "एवढ्या सकाळी कुठं गं निघालात मायलेकी?" तर म्हणते, "क्लास आहे काकू, फाउंडेशनचा." फाउंडेशन! आता मी काही क्लासला नावं ठेवणारी बाई नाही. माझा जन्म लातूरचा, शिकवण्यांच्या गल्लीतच लहानाची मोठी झाले. पण ते ऐकलं आणि माझ्या कानात एकदम अन्साबाईंचा आवाज घुमला. "अगं, आधी त्या लेकराला चड्डी तर वर वढू दे की!" देगलूर सोडून मला दिवस झाले, पण ती बाई काही माझ्या कानातून जायचं नाव घेत नाही.

अन्साबाई म्हणजे अनसूया. आमच्या देगलूरच्या गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाई. कुणी मॅडम म्हटलं की भडकायच्या. "मॅडम हापिसात ऱ्हातेत. मी बाई हाय, बाईच म्हणा." अंगानं आडव्या, चालायला वारा, आणि आवाज असा की त्यांनी अंगणवाडीत "गप बसा" म्हटलं की माझ्या ओसरीवर गिऱ्हाईक गप बसायचं. माझी शिलाई मशीन ओसरीत आणि अंगणवाडी बरोब्बर समोर. एक खोली, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, पुढं फरशी घातलेली थोडी मोकळी जागा. भिंतीवर पेंटरनं एक हत्ती आणि एक आंबा काढला होता, दोघं एकाच मापाचे. लेकरं हत्तीला घाबरायची नाहीत, आंब्याला मात्र एकदोघं घाबरायची. मी उभा जन्म ब्लाउज शिवले, काजं केली, आणि मान वर केली की समोर अन्साबाई. त्यामुळं त्या बाईचं मी जेवढं पाहिलंय तेवढं त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं नसेल.

आमची पहिली भेट म्हणजे भांडण. मी लग्न होऊन नवीनच आलेली, दुपारी जरा डोळा लागला होता, आणि समोर लेकरांनी ताटं वाजवायला सुरुवात केली. मी तणतणत गेले. "अहो बाई, शाळा आहे का बँडपथक?" बाईंनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू ती नवी शिवणवाली न्हवं? लातूरची? चिंध्या हायेत का गं तुझ्याकडं?" मी भांडायला गेलेली बाई, परत येऊन चिंध्यांची पिशवी भरून दिली. कशी दिली, कामून दिली, मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांची लातूरवाली झाले.

चिंध्या कशाला हव्या होत्या ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. बाईंकडं एक लांबच लांब सुती दोर होता. त्याला ठरावीक अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीला आता वेगळ्या रंगाची चिंधी. सकाळी बाई दोर खांद्यावर टाकून गल्लीच्या पार टोकाला जायच्या आणि घरोघरी लेकरं गोळा करत यायच्या. ज्याची त्याची गाठ ठरलेली. हिरवी गाठ सोडून कुणी लाल धरली की तिथं भर रस्त्यात दंगल. देगलूर म्हणजे तीन राज्यांच्या तोंडावरचं गाव. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, शेजारी कानडी, त्याच्या पुढं दखनी, आणि मधे माझ्यासारखी एक लातूरची टेचात बोलणारी. बाई चालता चालता एका दमात चारही घरांना हाक मारायच्या. "या रे, रा रा, बा बा, आव रे आव!" ज्याला जी कळेल ती. ती रंगीत गाठींची लेकरांची माळ मेन रोडला आली की टमटमवाले सुद्धा थांबायचे. थांबले नाहीत तर बाई हात आडवा करायच्या. बाईंचा हात आडवा झाला की ट्रॅक्टरसुद्धा थांबलेला मी पाहिलाय, आणि ट्रॅक्टरवाल्यानं निमूट इंजिन बंद केलेलं पाहिलंय.

गाण्याच्या बाबतीत मात्र बोलायला नको! बाईंचा सूर म्हणजे एकदा घर सोडून गेला तो परत आलाच नाही. पण गाणार मोठ्यानं, आणि लेकरंही अगदी तसंच बेसूर गाणार. पुढं पहिलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकरू गेलं आणि त्यानं तोंड उघडलं की तिथले गुरुजी विचारायचे, "अन्साबाईचं का रे तू?" लेकरू मान ताठ करून म्हणायचं, "हाव!"

अंगणवाडीच्या कोपऱ्यात एक रिकामं पोतं घडी घालून ठेवलेलं असायचं. ते रडायचं पोतं. नवीन लेकरू आई गेली म्हणून भोकाड पसरायचं, तेव्हा बाई कधी त्याला गप कर म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "रडायचंय ना? रड. पण पोत्यावर बसून रड. उभ्यानं रडलं की पाय दुखतेत." लेकरू विचारात पडायचं, जाऊन पोत्यावर बसायचं, आणि निम्म्या वेळा बसेपर्यंत रडणंच विसरायचं. एकदा आमच्या गल्लीतली रेणुका, कृषी केंद्रवाल्या शिवराजअप्पांची सून, सासूशी वाजलं म्हणून डोळे पुसत बाईंकडं आली. बाईंनी तिलाही पोतं दाखवलं. आणि रेणुका बसली की! चांगली शिकलेली, सोन्यानं मढलेली बाई लेकरांच्या पोत्यावर बसून मनसोक्त रडली, वर तिथली खिचडी खाऊन घरी गेली.

खिचडीवरून आठवलं. बाईंची खरी शाळा भरायची ती जेवणाच्या वेळी. इतर ठिकाणी मदतनीस बाई ताटं वाढते, लेकरं खातात, झालं. अन्साबाईंच्या अंगणवाडीत रोज पंगत. लग्नात बसते तशी, ओळीनं, मांडी घालून. आणि वाढपी कोण? लेकरंच! रोज पाळी बदलायची. कुणी मीठ, कुणी खिचडी, कुणी पाणी. तीन वर्षांचं लेकरू वाटीत खिचडी घेऊन प्रत्येकासमोर वाकून विचारायचं, "वाढू का? थोडी का लई?" जेवणाऱ्याला नको असेल तर त्यानं हात आडवा करायचा, हवं असेल तर ताट पुढं. आणि सगळ्यात मोठा नियम, शेवटच्या ताटात पडेपर्यंत पहिल्यानं तोंडात घास घालायचा नाही. मदतनीस सायराबी सुरुवातीला कपाळाला हात लावायची. "बाई, पूरा सांडतेत ना ये लोगां!" बाई म्हणायच्या, "सांडू दे. पुसायला बी शिकवलंय." सायराबीही हळूहळू पक्की झाली. तिच्यासमोर एखादं लेकरू पातेल्याशी झटत असलं की ती हात मागं बांधून उभी राहायची, पण मदत करायची नाही. तिला तसं उभं राहणं किती जड जायचं ते माझ्या ओसरीवरून दिसायचं.

मग आमच्या गल्लीत निळी व्हॅन आली.

गावाबाहेर इंग्रजी नर्सरी निघाली होती. टाय, बूट, मोजे, डब्यात काय द्यायचं त्याचा छापील कागद. शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही, तिथली शिकवणारी पोरगी गुणाची होती, माझ्याकडं ब्लाउज टाकायची. पण व्हॅन सकाळी पॉं पॉं करत गल्लीत शिरली की आयांच्या अंगात यायचं. पहिला गेला शिवराजअप्पांचा नातू पृथ्वी, म्हणजे रेणुकाचा मुलगा. आता अप्पांच्या घरचा नातू गेला म्हटल्यावर गल्लीनं मागं राहायचं कशाला? अप्पा जे बियाणं घेतील ते बियाणं, अप्पा ज्या डॉक्टरकडं जातील तो डॉक्टर. एकेक गाठ रिकामी व्हायला लागली. बाई तरी रोज पूर्ण दोर घेऊन निघायच्या. लेकरं मधल्या मोकळ्या गाठी सोडून ज्याच्या त्याच्या गाठीला धरून चालायची.

रेणुका माझ्याकडं माप द्यायला आली की सुरू व्हायची. "काकू, आमचा पृथ्वी आता शंभरपर्यंत लिवतोय. अंगणवाडीत काय करतेत? ताटं वाटतेत." खरं सांगू? मला तिचं पटायचं. लातूरचं रक्त! मी बाईंना म्हटलंच, "बाई, जग कुठं चाललंय. थोडं लिहायला घ्या ना लेकरांकडून." बाईंनी समोरच्या लेकराचा हात धरून माझ्यापुढं केला. लोण्यासारखी मऊ बोटं. "हे बघ. ह्या हातानं आधी पळी धरू दे, बटन लावू दे, शेंगा सोलू दे. मंग पेन्शिल आपोआप धरतंय. कामून घाई करून राहिलीस?" मी म्हटलं, "आयांना दिसत नाही ना ते." बाईंनी त्या लेकराचा हात सोडला आणि आत निघून गेल्या.

थंडी सरताना सुपरवायझर मॅडम आल्या. स्कुटीवरून उतरल्या तेव्हाच त्यांचा चेहरा पाहून मी मशीन थांबवली. बिचाऱ्या मॅडमचं तरी काय चुकलं होतं? वरून सांगून आलं होतं तेच त्या सांगत होत्या. "बाई, तुमच्याकडं मुलं फार कमी झालीत. मे महिन्यापर्यंत वाढली नाहीत तर ही अंगणवाडी बंद करून हायवेपलीकडच्या अंगणवाडीला जोडणार. तुम्हाला तिकडं घेतील, नोकरी जाणार नाही तुमची."

"माझी जाणार न्हाई," बाई म्हणाल्या, "पण ह्यांची?"

हायवे म्हणजे हैदराबादकडं जाणारा रस्ता. ट्रक कसे सुटतात ते देगलूरच्या माणसाला सांगायला नको. व्हॅनमधून जाणाऱ्यांचं काही बिघडणार नव्हतं. पण उरलेली जी लेकरं होती, हमालाची, वीटभट्टीवरच्यांची, शेतात रोजानं जाणाऱ्या बायांची, त्यांना रोज हायवे ओलांडून कोण नेणार होतं? ती घरीच राहणार, दाराला बाहेरून कडी आणि आत थोरल्या बहिणीच्या कडेवर. हे मॅडमना कळत होतं, सायराबीला कळत होतं, मलाही ओसरीवर बसून कळत होतं. मॅडम गेल्या. बाई आत वळल्या, कोपऱ्यात गेल्या आणि रडायच्या पोत्यावर जाऊन बसल्या. एवढी मोठी बाई, गुडघे पोटाशी घेऊन. आवाज नाही, काही नाही. तेवढ्यात गंगव्वा नावाची हमालाची पोर, जेमतेम पाच वर्षांची, त्यांच्याजवळ गेली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, बसून रडा. पाय दुखत न्हाईत." बाई रडता रडता फस्सकन हसल्या. मी इकडं पदरात तोंड घालून रडले, ते निराळंच.

पण अन्साबाई पोत्यावर किती वेळ बसणार! दुसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर हजर. डोळे नुसते चमकत होते. "लातूरवाली, एप्रन शीव. लहान मापाचे. खिसा मोठा ठेव."

"कशाला?"

"पंगत घालायची. समद्या गल्लीला. तूच म्हणालीस न्हवं, आयांना दिसत न्हाई म्हणून? दाखवू मंग! माय, बाप, आज्जा, आज्जी, मॅडम बी. व्हॅनवाली लेकरं बी बलवायची. आन् वाढणार कोण? माझी लेकरं."

मला आधी घामच फुटला. "बाई, एवढ्या माणसांना? गरम वरण? एखादं पोर भाजलं म्हणजे?"

"वरण कोमट करू. त्याला काय व्हतंय?"

पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीत जे काही झालं ते मी लग्नाघरीही पाहिलं नाही. सकाळच्या फेरीत लेकरांनी घरोघरी जाऊन मूठमूठ तांदूळ गोळा केले. "आमच्याकडं जेवायला या बरं का," असं प्रत्येक दारात म्हणायचं. अप्पांच्या दारात गंगव्वा स्वतः गेली. अप्पा पेपर वाचत बसलेले. ही म्हणाली, "अज्जा, जेवायला या. हात धुवून या." अप्पांनी पेपर खाली केला आणि मोठ्यानं हसले. "येतो बये, येतो," म्हणाले. इकडं मी रात्रंदिवस एप्रन. परकराचे काठ, पोलक्यांची उरलेली कापडं, जे सापडेल ते. सायराबी मोठ्या डब्यातलं पाणी लहान तांब्यात ओतायचा सराव करून घ्यायची आणि लेकरांपेक्षा तीच जास्त ओली व्हायची.

आणि तो दिवस उजाडला! अंगणवाडीपुढं मंडप, म्हणजे माझ्या चार जुन्या साड्या. ओळीनं पत्रावळी. सगळी गल्ली आली हो! तमाशा बघायला आले का जेवायला, देव जाणे, पण आले. अप्पा पहिल्या जागी. त्यांच्या शेजारी रेणुका, तिच्या मांडीला चिकटून पृथ्वी, टायसकट. मॅडम दुसऱ्या ओळीत, फिकट पिवळी साडी नेसून. अंगणवाडीतल्या लेकरांच्या आया मागच्या ओळीत आकसून बसलेल्या, कामावर दांडी मारून आलेल्या. अन्साबाई मध्ये उभ्या राहिल्या आणि असा आवाज दिला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसली. "ऐका! आज समदं लेकरं करतील. मोठ्या माणसांनी कुणी उठायचं न्हाई. हात लावायचा न्हाई. सांगायचं न्हाई. निसतं बसायचं."

लेकरं बाहेर आली. एप्रन घोट्यापर्यंत. आधी मीठ. एका पोरानं पहिल्या पत्रावळीवर मूठभर मीठ ओतलं, थांबला, विचार केला, परत उचलून घेतलं आणि चिमूटभर ठेवलं. मग चटणी, मग भात. वाटी भरायची, पत्रावळीवर पालथी घालायची, वर थाप मारायची. "वाढू का? थोडा का लई?" आधी बाया हसत होत्या, पोरं चुकली की एकमेकींना कोपर मारत होत्या. पण ओळ पुढं सरकायला लागली तसा मंडप हळूहळू शांत झाला. बाया माना वळवून वळवून बघायला लागल्या. वीटभट्टीवरच्या एका आईपुढं तिचीच मुलगी आली आणि परक्या पाहुण्याला विचारावं तसं म्हणाली, "घ्या ना, लाजू नका." त्या माउलीनं तोंडावर पदर ओढला.

अप्पांना दुकान उघडायचं होतं. भात पडला, वरण पडलं, त्यांनी कालवलं आणि घास उचलला. झालं! गंगव्वा पाण्याचा तांब्या घेऊन दुसऱ्या टोकाला होती, तिथून धावत आली. "बेडा अज्जा, बेडा!" म्हणजे कानडीत नको. "हात खाली! सगळ्याला वाढलं न्हाई आजून!" शिवराजअप्पांना हात खाली म्हणणारं माणूस आमच्या गल्लीत जन्मलंच नव्हतं. गंगव्वाचा हमाल बाप शेवटच्या ओळीत पांढराफटक. रेणुका लालबुंद. अप्पांनी त्या चिमुरडीकडं पाहिलं, मग ओळीकडं पाहिलं, शेवटची पत्रावळ खरंच रिकामी होती. घास खाली ठेवला. "हौदु, खरं हाय," म्हणाले, "चुकलं." आणि मांडीवर हात घेऊन बसले. मी म्हणते, मला तेव्हा शिट्टी येत असती तर वाजवली असती!

हे होतंय तोवर तिकडं धप्पकन. वरणाचा डबा घेतलेलं पोर पत्रावळीला अडखळलं आणि सगळं वरण मॅडमच्या पिवळ्या साडीवर. "अगं बाई!" म्हणत मागच्या ओळीतल्या आया उठल्या, सायराबी धावली. बाईंचा आवाज कडाडला. "बसा खाली! कुणी उठायचं न्हाई!" सगळे होते तिथं थिजले. गेलं, म्हटलं, संपलं सगळं, आता मॅडम वर जाऊन काय सांगतील! पोराचा ओठ थरथरत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. एक पळ वाटलं की हे आता पळतंय पोत्याकडं. पण ते वळलं, आत गेलं, फडकं घेऊन आलं, बसून फरशी पुसली, कोपरे पण पुसले. मग मॅडमच्या साडीवर फडकं टेकवत टेकवत वरण टिपलं. उठलं, डबा उचलला, आत जाऊन परत भरून आणला, आणि मॅडमपुढं वाकून म्हणालं, "तुम्हाला मिळालं न्हाई ना? वाढू का?"

मॅडमच्या डोळ्यात टचकन पाणी. "वाढ बाळा," म्हणाल्या, "लई वाढ." आणि काय तो मंडप हसला म्हणता! रडत रडत हसला. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात आमचा पृथ्वी टाय ओढत उठला आणि पाण्याच्या तांब्याकडं निघाला. रेणुकानं दंडाला धरला. "बस खाली, तू पाहुणा आहेस." "मला पण वाढायचंय!" ते भोकाड असं की वाढणारी लेकरं थांबून बघायला लागली. अप्पा म्हणाले, "जाऊ दे त्याला." पृथ्वी गेला, पण तांब्या कसा धरायचा ते कुठं माहीत? पाणी सगळं बुटात. गंगव्वानं त्याच्यामागं उभं राहून दोन्ही हात धरले आणि दाखवलं, असं, हळू, ग्लासाच्या काठाला टेकव. पहिला ग्लास भरला तेव्हा त्या पोराचा चेहरा पाहायला हवा होता. शंभर लिहून झालं तेव्हाही तो असा हसला नसेल.

जेवणं झाली. अप्पांच्या हातावर लेकरं पाणी घालत होती. अप्पांनी विचारलं, "बाई, कसं शिकविलं ओ हे?" बाई म्हणाल्या, "शिकविलं न्हाई अप्पा. रोज करू दिलं." रेणुका मात्र तिथंच उभी. "पण बाई, इंग्रजीचं काय?" बाईंनी काही सारवासारव केली नाही. "मला येत न्हाई, बये. खोटं कशाला बोलू? ते त्याला पुढं कुणीतरी शिकवंल. इथं आला तर तो दुसऱ्याच्या ताटाकडं बघायला शिकंल. तुला काय पायजे ते तू बघ." रेणुका पृथ्वीचे ओले बूट हातात घेऊन गेली.

मग सगळा उन्हाळा नुसती धाकधूक. रोज सकाळी मी दोर बघायची. एखादी गाठ भरली की मला कात्री चालवायला हुरूप यायचा. मे सरत आला तरी अप्पांच्या दारातून कुणी बाहेर येईना, आणि अप्पांच्या घराकडं बघून बाकीची घरं थांबलेली. मे संपायला आला तेव्हा एका सकाळी बाईंनी नेहमीप्रमाणं हाक दिली, "या रे, रा रा, बा बा!" आणि अप्पांचं दार उघडलं. पृथ्वी. टाय नाही, बूट नाही, साधी चप्पल. मागून अप्पा म्हणाले, "बाई, ह्याची गाठ कोणची?" मी ओसरीवरून किंचाळले असेन, कारण गिऱ्हाईक दचकलं. त्या आठवड्यात दारं उघडतच गेली. मॅडम स्कुटीवरून आल्या, दारातूनच भरलेली पंगत बघितली आणि चपला काढून लेकरांच्या ओळीत जाऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, आता तुम्ही कुठं जात नाही. आम्हाला जेवायला वाढा." सायराबीनं आत जाऊन पातेलं दणकन वाजवलं.

जूनमध्ये निळी व्हॅन परत आली. अप्पांच्या दारापुढं पॉं पॉं. कुणी येईना. परत पॉं पॉं. ड्रायव्हर बालाजी, आमच्याच गावचा पोरगा, खाली उतरला आणि समोर अंगणवाडीत सगळी आपली गिऱ्हाइकं बसलेली बघून डोकं खाजवायला लागला. "बाई, माझी गाडी रिकामी केली की ओ तुम्ही."

बाई दारात आल्या. "तुझी लेक केवढी झाली रे?"

"चारची."

"कोणत्या शाळेत जाती?"

बालाजीनं किल्ली बोटात फिरवली. "घरीच हाय, म्हातारीपाशी."

"तुझ्या शाळेत घेत न्हाईत व्हय?"

"घेतेत की," तो म्हणाला, "पण आपल्याला..." आणि शर्टाच्या रिकाम्या खिशावर हात आपटला. दुसऱ्यांची लेकरं रोज शाळेत पोचवणारा माणूस तो. मला कसंतरीच झालं. बाईंनाही झालं असणार, पण दाखवतील तर अन्साबाई कसल्या! "उंद्या घेऊन ये तिला."

"बाई, आमचं घर हायवेपल्याड हाय. म्हातारीला रस्ता ओलांडवत न्हाई."

"मंग गाडी कशाला हाय?" बाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

त्याच सुमारास माझ्या मुलानं लातूरला घर घेतलं आणि मला न्यायला आला. निघायचा दिवस म्हणजे नुसता गोंधळ. टेम्पोत मशीन चढवली, गाद्या चढवल्या, मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. बाईंना कडकडून भेटायचं, काय काय बोलायचं, मनात सगळं ठरवलं होतं. टेम्पो हलला आणि लगेच थांबला. गल्लीत पुढं निळी व्हॅन आडवी उभी, बरोब्बर अंगणवाडीच्या दारात. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. व्हॅनचं पुढचं दार उघडलं होतं, आणि बालाजी आतून एका पोरीला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवत होता. घट्ट दोन वेण्या, नवा झगा, हातात काहीच नाही. तिनं बापाचं बोट सोडलं नाही. आमच्या ड्रायव्हरनं परत हॉर्न दिला.

तशा अन्साबाई बाहेर आल्या. आमच्या टेम्पोकडं, माझ्याकडं, कशाकडंच त्यांनी बघितलं नाही. एक हात आमच्यासमोर आडवा धरला आणि ओरडल्या, "वाजवू नको! लेकरू उतरून राहिलंय, दिसत न्हाई व्हय?" आणि दुसरा हात त्या पोरीपुढं केला. आम्ही थांबलो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.